चोवीस पायांची चिप

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

इंग्रजीच्या वर्गातल्या उना बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, कुठल्याही भाषेत लिहा, हात बसतो. चौथीत शाळा सुटल्यापासून मी फक्त डब्यांवर नावं लिहिलीत. हळद, धणे, मोहरी. बघू.

आधी तुम्ही कोण ते लिहा, असंही म्हणाल्या. वासंती शशिकांत माने. वय त्रेपन्न. मूळ इचलकरंजी, आता आयर्लंडमधलं लिमरिक, मोठ्या हॉस्पिटलच्या मागची वस्ती. एका नर्सिंग होमच्या, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमाच्या, किचनमध्ये काम करते. मूलबाळ नाही, त्यामुळे घरात बोलायला आम्ही दोघंच. त्यातला एक सध्या बोलत नाही.

म्हणजे आमचे हे. इथल्या कंपनीत वीस वर्षं मेन्टेनन्सला होते. उन्हाळ्यात कंपनीने विचारलं, स्वखुशीने नोकरी सोडून कुणाला जायचंय का. ह्यांनी पहिला नंबर लावला. का, ते सांगत नाहीत. तेव्हापासून सोफ्यावर. उजवा हात उशीखाली, समोर टीव्हीवर स्नूकर. मला ते हिरवं टेबल आता डोळ्यांसमोर नको झालंय.

आणि मागच्या शेडला कुलूप. शेडमध्ये ह्यांचा खरा संसार आहे, जुनी स्लॉट मशिनं, नाणं टाकून चित्रांची चाकं फिरवायची. समुद्रकाठचे पब, नाण्यांच्या खेळांच्या आर्केड बंद पडल्या की तिथली मशिनं उचलून आणायची, दुरुस्त करायची, कुणा हौशी माणसाला देऊन टाकायची. पैशाचा खेळ आम्ही कधी खेळलो नाही. माशाचं चित्र असलेली, युरो यायच्या आधीची दहा पेन्सची नाणी डबाभर आहेत, तीच टाकायची, तीच काढायची. मी वीस वर्षं ह्या भंगारावरून भांडले. आता कुलूप बघून मलाच करमत नाही.

२४ सप्टेंबर

डेक्लन आला होता. एनिस गावचा, ह्यांच्यासारखाच मशीनवेडा. मी चहा घेऊन गेले तर हे त्याला सांगतायत, शेडमधलं सगळं घेऊन जा. हत्यारं, मशिनं, सगळं.

मी म्हटलं, "काय काय नेणार?"

"ऑल ऑफ इट, मिसेस," तो म्हणाला. चेहरा मात्र त्याचाच पडलेला.

मी ट्रे आदळला. कप फुटला नाही, चांगला आहे. म्हटलं, "समुद्रकाठच्या किलकीहून आणलेलं ते तीन चाकांचं मशीन अर्धवट पडलंय. ते चालू झाल्याशिवाय शेडमधला एक स्क्रू हलणार नाही."

हे टीव्हीकडे बघतच म्हणाले, "मग तू कर चालू."

"करते."

डेक्लनने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. एकोणतीस नोव्हेंबरला, शनिवारी, व्हॅन आणतो म्हणाला. तोवर मशीन फिरलं तर तो रिकामा जाईल, नाही फिरलं तर भरून. हे म्हणाले, "ग्रँड." म्हणजे ठरलं.

मला त्या मशीनशी काही घेणं नाही. मला हा माणूस शेडमध्ये पाहिजे.

२६ सप्टेंबर

ह्यांना आता चहा अर्धा पेला लागतो. पूर्ण भरला की तसाच ठेवतात. नवीन खूळ.

शर्टही बंद. रोज डोक्यावरून घालायचे टी-शर्ट. कपाटभर शर्ट मी इस्त्री करून ठेवलेत, ते कुणी घालायचे?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

दरवर्षी हे शेडमध्ये हत्यारांची पूजा करतात. यंदा म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, मी करते. किल्ली काढून घेतली.

किलकीच्या मशीनचा मेंदू, म्हणजे ते हिरवं बोर्ड, टेबलावर काढून ठेवलेलं. सिगारेटचा वास अजून येत होता. किती दारुड्यांनी त्यावर धूर सोडला असेल. त्यावर चार काळ्या चिपा, प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी पाय, झुरळासारख्या. पाठीवर मळकट पिवळ्या चिकटपट्ट्या, त्यावर काहीबाही नंबर. त्या पट्ट्या मी आधी खरवडून काढल्या. खाली छान काचेची बारीक खिडकी निघाली. म्हटलं, केवढं सुंदर आणि ह्या लोकांनी झाकून ठेवलंय.

पहिल्या चिपेला कुंकू लावलं, ओलं, ठसठशीत. मग लक्षात आलं, अहो, हे सगळं पबातलं, आधी शुद्ध तरी करावं. पाण्याने धुता येत नाही एवढं मलाही कळतं. करोनात मोबाईलसाठी घेतलेला जंतू मारायचा डबा होता, निळा दिवा लागतो तो. सुरीने चारी चिपा उचकल्या, कुठली कुठे ते कळावं म्हणून पोळपाटावर ओळीने मांडल्या, मग डब्यात. दिवा आपोआप विझतो, मी तीन-चारदा लावला. घाण जुनी होती.

मग उरलेल्या तिघींना हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि जिथल्या तिथे परत दाबून बसवल्या. ह्यांनी नावं लिहिलेली सुट्या भागांची खोकी पुसून घेतली. अलीकडचं अक्षर इतकं बारीक आहे की मुंग्या चालल्यासारखं. शाई वाचवतात की काय.

२ ऑक्टोबर, दसरा

शेजारची शर्वाणी सोनं द्यायला आली. नागपूरची पोरगी, हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आपट्याची पानं इथे कुठली, सोनेरी कागद कापून आणलेला. ह्यांनी डाव्या हाताने घेतला. मी म्हटलं, सणाला डावा हात?

शर्वाणी ह्यांच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "काका, जरा दारापर्यंत चालून दाखवता?"

"का गं, मॅरेथॉनला पाठवतेस?" म्हणाले, पण चालले. ती त्यांच्या हातांकडेच बघत होती. जाताना मला जिन्याशी गाठून म्हणाली, "मावशी, काकांना फॅमिली डॉक्टरकडे, जीपीकडे नेऊन आणा. उगाच उशीर नको." ह्या नव्या डॉक्टरांना सगळे आजारीच दिसतात. गुडघे आहेत, पन्नाशीनंतर सगळ्यांचेच जातात.

संध्याकाळी मुहूर्त म्हणून ह्यांना ओढून शेडमध्ये नेलं. "बोर्ड मशीनला जोडायची एक वायर राहिलीय, ती लाव, चालेल," म्हणाले. मी वायर लावली. बटण दाबलं. सगळे दिवे एकदम लागले आणि तसेच डोळे वटारून राहिले. चाक हलेना.

हे वाकून बोर्डाकडे बघायला लागले. बराच वेळ. मग म्हणाले, "वासंती, चिकटपट्ट्या कुठायत?"

३ ऑक्टोबर

आता मला कळलं ते असं. त्या चिपेच्या पोटात मशीनने काय करायचं ते लिहिलेलं असतं. काचेच्या खिडकीतून तो जंतू मारायचा उजेड आत गेला की लिहिलेलं पुसतं. म्हणून वर पट्टी. मी पट्टी काढली, खिडकी चकचकीत पुसली आणि उजेडात ठेवली. तीन-चारदा.

मी म्हटलं, शिव्या द्या एकदाच्या. हे सोफ्यावर बसले आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "कंपन्या हेच करायला मशीन विकत घेतात, आणि हिने पूजेत केलं!" किती महिन्यांनी हसले. मला राग यायला पाहिजे होता.

चिपा पुन्हा लिहायच्या तर लिहायचं यंत्र लागतं. चिप प्रोग्रॅमर. ह्यांचा जुना कधीच जळून गेला. लिहायचा मजकूर डेक्लनकडे आहे, तसंच मशीन त्याच्याकडे होतं. म्हणजे फक्त यंत्र निवडायचं. फक्त!

७ ऑक्टोबर

चार दिवस तीच चर्चा. डेक्लन फोनवर म्हणतो, छोटा घ्या. साबणाच्या वडीएवढा, कॉम्प्युटरला लावला की झालं, सगळे हौशी लोक तोच वापरतात. हे म्हणतात, मोठाच पाहिजे. अथलोन गावात एक म्हातारा विकतोय, जुना, करडा, पाटावरवंट्याएवढा जड.

"का मोठा?"

"जुन्या चिपेला लिहायला जास्त व्होल्ट लागतात. छोट्याला झेपत नाही."

"डेक्लन म्हणतो, त्यावर उपाय आहे."

"डेक्लनला काय, तो म्हणेल. मोठ्यात चिप नुसती ठेवायची आणि खटका पाडायचा. काही करावं लागत नाही."

"अहो, छोट्यालाही खटका आहे, मी फोटोत बघितला."

"तुला नाही कळायचं."

हे वाक्य मला म्हणू नये. मी जेवणाच्या सुट्टीत फोनवरून छोटा मागवून टाकला.

१४ ऑक्टोबर

आला. खरंच साबणाच्या वडीएवढा. ह्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं, पण लॅपटॉप स्वतः आणला. खटका वर करून चिप मी ठेवली. हे खुर्चीच्या मागे उभे, हात खिशात, नुसते सांगत होते. उलटी आहे, फिरव. एक नंबरचा पाय वर. आता खटका पाड.

पहिली वाचली. पडद्यावर ओळीच्या ओळी, सगळ्या एफ एफ एफ एफ. म्हणजे कोरी. दुसरी कोरी. तिसरी कोरी. चौथी लावली आणि अक्षरं आली! वेगवेगळी, भरगच्च.

ही कशी वाचली? मी चिप उचलून बघितली. खिडकीवर कुंकू वाळून घट्ट बसलेलं. डब्यात टाकायच्या आधी जिला लावलं होतं तीच. उजेड आत गेलाच नाही.

हे म्हणाले, "सवाष्ण वाचली." आणि स्वतःच्या विनोदावर पुन्हा हसले. आज शेडमध्ये दोन तास होतो. स्नूकर चुकलं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

डेक्लनने मजकूर पाठवला. लिहायला गेलो तर छोटा लिहीना. वाचतो, लिहीत नाही. जुन्या चिपेला लागतात तेवढे व्होल्ट त्याच्यात नाहीतच. मी म्हटलं, "आता म्हणा, मी सांगितलं होतं."

"मी सांगितलं होतं."

डेक्लनला फोन केला. तो म्हणाला, शुअर, नव्या जातीची चिप घ्या, ती थोड्या व्होल्टवर लिहिली जाते. जुन्या चिपेला चोवीस पाय, नवीला अठ्ठावीस. मध्ये एक छोटा जोड सोल्डर करायचा, कथील वितळवून. तुमच्या नवऱ्याला डोळे मिटून जमेल, मिसेस.

फोन ठेवून मी म्हटलं, "ऐकलंत? पाव तासाचं काम."

"अथलोनचा घेऊ या. त्यावर जुन्याच चिपा लिहिता येतील."

"सोल्डरिंगला काय झालं? आजवर काय मी करत होते?"

हे उठून वर गेले. मी खालून ओरडले की जगात एवढा हट्टी माणूस दुसरा नाही.

२० ऑक्टोबर

शंकरपाळ्यांचा एक घाणा करपला. मी बाहेर कचरा टाकायला गेले होते, हे ओट्याशेजारीच पेपर वाचत होते. घरभर धूर. "वास नाही आला?" तर म्हणे, "नाही गं." वासही येत नाही म्हणे. ह्या माणसाला आता घरातलं काही कळून घ्यायचंच नाही.

सोल्डरिंगचं नाव काढलं की उठून जातात. मी पण काढत नाही. दिवाळी आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहायला तासभर बसलेय.

नव्या चिपा आणि जोडाच्या छोट्या पट्ट्या येऊन दहा दिवस झाले. अथलोनचा म्हातारा विकायला तयार, मी पैसे द्यायला तयार नाही. व्हॅन यायला चार आठवडे राहिले. माझं डोकं फिरलं. शेडमध्ये ती पेन्सिलीसारखी सोल्डरिंगची इस्त्री तापवली, घरात येऊन ह्यांना दंडाला धरून नेलं आणि इस्त्री उजव्या हातात कोंबली. "करा. आत्ता. माझ्यासमोर."

ह्यांनी धरली. टोक पत्र्याच्या ट्रेला टेकवलं.

टकटकटकटक.

मला वाटलं, मुद्दाम करतायत. मग त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. तरी टकटक. थांबेना. इस्त्री मी काढून घेतली, नाहीतर भाजलं असतं.

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. कंपनीत एक स्क्रू मशीनच्या आत पडला माझ्या हातून. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा पडायच्या आधी सुटलो."

"आणि मला सांगितलं नाही."

"तू काय केलं असतंस? ओरडली असतीस."

ओरडलेच असते. खोटं कशाला लिहू.

मग एकेक आठवायला लागलं. अर्धा पेला चहा. शर्ट, म्हणजे बटणं. ते मुंगीचं अक्षर. आणि शर्वाणी गुडघ्यांसाठी म्हणाली नव्हती. मी उलट्या बादलीवर बसले. बाहेर पाऊस, तो इथे असतोच.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "किती पायांना सोल्डर लागतं?"

"एका जोडाला बावन्न. का?"

"मी करते. तुम्ही सांगा."

माझ्याकडे बघत राहिले. मी तोंड फिरवलं नाही. मग टेबलावरच्या त्या साबणाच्या वडीला बोटाने जरा सरळ केलं आणि म्हणाले, "मग मोठा नको. छोटा पुरेल."

४ नोव्हेंबर

जीपीकडे जाऊन आलो. शर्वाणीने आधी फोन करून ठेवला होता. बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, लिहायला लावलं, वास येतो का तेही विचारलं. पुढच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवतो म्हणाले. नाव मोठं आहे आजाराचं, पार्किन्सन वाटतो, पण नक्की त्या सांगतील. औषधं असतात म्हणाले, बरीच वर्षं काम निभतं म्हणाले. परत येताना हे शेजारच्या सीटवर. मी चालवत होते. राउंडअबाउटला एकाने आडवी गाडी घातली त्याला मी मराठीत शिवी दिली, तेव्हा म्हणाले, "काच वर कर आधी."

८ नोव्हेंबर

पहिला जोड गेला. मी इस्त्री जास्त वेळ धरली, पट्टीच्या तांब्याच्या रेघा उचकटून आल्या. बोटही भाजलं.

"घाई करतेस."

"जन्मभर करतेय."

"आधी पाय तापव, मग कथलाची तार लाव. तारेला इस्त्री लावू नको. तार आपोआप वितळून पायाभोवती बसली पाहिजे. पुरणपोळीवर तूप सोडतेस तसं."

पोळीवर तूप मी भसकन ओतते, हे त्यांना माहीत आहे. तरी म्हणाले.

९ नोव्हेंबर

दुसरा जोड. ह्यांनी भिंग धरलं. म्हणजे धरलं नाही, भिंग स्टँडला आवळलं आणि त्यातून बघत राहिले. "अकरा आणि बारा चिकटलेत." मी म्हटलं, नाहीत. बघितलं तर चिकटलेले. काढायला शिकवलं. एकदाही आवाज चढवला नाही, त्याचाच मला राग आला. मी त्यांना गाडी शिकवत होते तेव्हा मी काय काय बोलले होते.

पाच तास. पाठ गेली. एक जोड झाला.

१६ नोव्हेंबर

तिन्ही जोड झाले. तिसरा ह्यांनी फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "बरा आहे." वीस वर्षांत माझ्या आमटीलाही एवढं म्हटलं नाही.

छोट्यात नव्या चिपा लिहिल्या. खटका मी पाडला, लॅपटॉपवरचं बटण त्यांनी दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत गेली, शेवटी बरोबर म्हणून आलं. तिन्ही वेळा. खिडकीवर नव्या चिकटपट्ट्या त्यांनी मला आधी चिकटवायला लावल्या. म्हणाले, तुझा भरवसा नाही.

२३ नोव्हेंबर

मशीन लागलं आणि बंद पडलं. लागलं आणि बंद. दोन तास शोधलं. एका जोडाचा एक पाय खोबणीत न जाता बाहेर दुमडला होता. मीच दाबला होता, धसमुसळेपणाने. पक्कडीने सरळ करताना छाती अशी धडधडत होती की माझाच हात थरथरायला लागला. हे म्हणाले, "आता कळलं?" आणि मग दोघंही थांबलो, माझा हात थांबेपर्यंत.

बसवला. ह्यांनी माशाचं नाणं टाकलं. ते भोकात जायला तीन प्रयत्न लागले, मी मदतीला गेले नाही. मग मोठं लाल बटण दाबलं. बटणाला हात थरथरला काय आणि नाही काय.

तिन्ही चाकं फिरली. घरघर असा आवाज, इचलकरंजीच्या लूमच्या खात्यासारखा. चेरी, घंटा, लिंबू. काही लागलं नाही. पुन्हा टाकलं. पुन्हा काही नाही. सातव्यांदा तीन घंटा आल्या आणि नाणी खाली धबाधबा पडली. आमचीच नाणी, आम्हीच टाकलेली. मी टाळ्या वाजवत होते. शेजारून शर्वाणी धावत आली, तिला वाटलं कुणी पडलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

डेक्लन व्हॅन घेऊन आला. मशीन बघितलं, तीन नाणी हरला, खूश झाला. मग जोड बघायला वाकला. "कोणी केलं हे? सोल्डरिंग भयंकर आहे."

"मी," मी म्हटलं.

"भयंकर, पण धरलंय, मिसेस. फेअर प्ले." म्हणजे शाबास. 

ह्यांनी त्याला हाताचं सांगितलं. सरळ, एका वाक्यात, चहा पिताना. डेक्लनने मान हलवली, त्याच्या थोरल्या भावाचं सांगितलं, तोही असाच, अजून होडी चालवतो. मग उठून गेला आणि व्हॅनचं मागचं दार उघडलं. रिकामी नव्हतीच. आत एक मशीन, आडवं, पुढची काच फुटलेली, आत पाणी गेलेलं. लाहिंचच्या कुठल्यातरी हॉटेलच्या तळघरातलं. म्हणाला, हे कुणाच्याच आवाक्यातलं नाही, मी नाद सोडलाय.

हे त्याच्याभोवती दोनदा फिरले. मागचं झाकण मला काढायला लावलं. आत टॉर्च मारून बराच वेळ बघितलं. मग डेक्लनला म्हणाले, "ठेवून जा. रविवारी रविवारी बसू आम्ही. उन्हाळ्यापर्यंत होईल."

मला विचारलं नाही. माझे उन्हाळ्यापर्यंतचे सगळे रविवार ह्या माणसाने परस्पर देऊन टाकले.

दुपारी लिडलच्या सुपरमार्केटला गेले, मधल्या रांगेत लाकडी स्टूल मिळालं. शेडमध्ये ह्यांच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला ठेवलं. मला उंचीला कमी पडतं. खाली दोन विटा लावल्यात.